डबा, कायदा आणि कोयता

मेडिकलच्या दुकानात बाळाच्या दूधपावडरचा डबा हातात घेऊन नीट पाहावा. त्यावर गुटगुटीत बाळ नाही, हसरी आई नाही. आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, ही सूचना मात्र ठळक अक्षरांत आहे. हा कंपन्यांचा चांगुलपणा नव्हे. 1992 च्या केंद्रीय कायद्याने हे त्यांच्याकडून करून घेतलं. 1 ऑगस्ट 1993 ला तो लागू झाला, 2003 मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीची पावडर, तयार शिशुआहार आणि दुधाची बाटली यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, भेटवस्तू द्यायच्या नाहीत. मोबाइलवरची जाहिरातही यात आली.

*

या कायद्यामागे 1981 चा जागतिक आरोग्य संघटनेचा ठराव आहे. पावडरच्या विक्रीवर बंधनं घालणाऱ्या संहितेला तेव्हा 118 देशांनी होकार दिला; विरोधात एकटी अमेरिका. अनेक देशांनी ती संहिता कागदावरच ठेवली. आपण तिचा कायदा केला आणि मोडणाऱ्याला तुरुंगाची तरतूदही ठेवली. याचा अभिमान वाटायला हवा.

*

सगळ्यात मोलाचं कलम डॉक्टरांबद्दल आहे. पावडर कंपनीने डॉक्टरला किंवा त्यांच्या संघटनेला पैसे द्यायचे नाहीत. परिषद, चर्चासत्र, शिष्यवृत्ती, संशोधन, कशासाठीच नाही. कारण बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून कुणी 'वरचं दूध सुरू करा' म्हटलं, की त्यापुढे टीव्हीवरची कुठलीही जाहिरात फिकी पडते.

*

'दूध पुरत नाही.' बाळ रडलं की घरात पहिलं वाक्य हेच. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं, हे बाळंतिणीला कुणी सांगितलेलं नसतं. एक बाटली पावडरची दिली, की बाळ अंगावर कमी ओढतं. ओढणं कमी, म्हणून दूध कमी. आठवडाभरात घरच्यांचं म्हणणं खरं ठरतं. मग डबा महाग म्हणून एका चमच्यात दोन चमच्यांचं पाणी पडतं. पाथर्डी-पारनेरकडे उन्हाळ्यात ते पाणी टँकरचं असतं. बाळाला जुलाब लागतात ते इथून.

*

आपला अहिल्यानगर जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, राहुरीकडे गाय व्याली की वासराला चीक पाजायला कुणी मुहूर्त पाहत नाही; उशीर झाला तर वासरू हाती लागत नाही, हे पोराटोरांनाही कळतं. त्याच घरात नातवाच्या तोंडात आधी मध किंवा गुळाचं पाणी जातं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या जेमतेम 42 बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळालं होतं. यातल्या बहुतेक आया दवाखान्यातच बाळंत झालेल्या. म्हणजे दोष एकट्या आजीच्या माथी मारता येणार नाही.

*

जामखेड. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे काम सुरू केलं, तेव्हा गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. सासूला पटवायचं तर तिच्यासारखीच, तिच्याच बोलीत बोलणारी बाई हवी, हे त्यांनी ओळखलं. आज आशाताई जे करतात, त्याची एक मुळी आपल्याच जिल्ह्यात आहे.

*

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईने घरी सहा वेळा जायचं असतं: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. तिसऱ्या दिवसाची भेट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्तन दगडासारखे होतात, बाळाला नीट धरता येत नाही, आई रडकुंडीला येते. त्या दिवशी शेजारी बसून बाळाचं तोंड फक्त बोंडाशी नाही तर भोवतालच्या काळ्या भागासकट कसं लावायचं, हे कुणी दाखवलं तर डबा घरात येत नाही.

*

डबा पाप नाही. आई गेली, आई गंभीर आजारी आहे, बाळ दत्तक आलं, तिथे पावडर लागते आणि ती विनासंकोच द्यावी. त्याआधी दुसऱ्या आईचं दूध मिळालं तर उत्तम. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्येच मातृदुग्धपेढी सुरू केली. अशी सोय तालुक्यातल्या बाळालाही मिळायला हवी.

*

2017 पासून नोकरदार आईला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, या सल्ल्याशी ती जुळते. पण ऊसतोडीला जाणारी आई? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांनी मिळून घेतलेली. बाई बसली की कोयता अर्धा झाला, उचल फिटणार कशी? म्हणून ओली बाळंतीण फडात उतरते. बाळ बांधावर, नाहीतर कोपीत थोरल्या बहिणीजवळ. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे 5000 रुपये हंगामाच्या मजुरीपुढे किती पुरणार? या बाईने पावडरची जाहिरात कधी पाहिलेलीही नसते. तिच्या बाळाचं दूध तोडतो तो कामाचा तास.

*

धोरणाचा अर्धा भाग आपण केला: कंपनीला आवरलं. उरलेला अर्धा म्हणजे आईला वेळ देणं. राज्यातली सहकारी साखर कारखानदारी आपल्याकडे प्रवरानगरला उभी राहिली, म्हणून याची सुरुवातही याच जिल्ह्याने करावी. मुकादमाच्या यादीत बाळंतिणीची वेगळी नोंद असावी, सहा महिन्यांची तिची मजुरी कारखाना आणि सरकार यांनी मिळून भरावी, आणि तळावर पाळणाघर असावं. 26 आठवडे ही मेहेरबानी नाही. ऑफिसातल्या आईला तो हक्क म्हणून मिळाला. फडातल्या आईलाही तो हक्क म्हणूनच मिळाला पाहिजे.