कागदाला भिऊ नका

आमच्या घरात कागदाची भीती पिढीजात. आजोबांनी गावच्या सावकाराकडे कोऱ्या कागदावर अंगठा दिला आणि मरेपर्यंत ते फेडीत राहिले. "कशावर सही करू नको रे बाबा," ही माझ्या आईची शिकवण. मी बी. कॉम. होऊन कारकून झालो, दिवसभर कागदच हाताळतो, तरी ती भीती मनातून गेली नव्हती. ती घालवली माझ्या भाचीने.

ही मुलगी मोबाईलवरून व्यायाम शिकवते. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे साडेपाचला मोबाईल उभा करते आणि ठिकठिकाणच्या बायकांचा व्यायाम घेते. त्या फीवर धाकट्या भावाचे कॉलेज चालते. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका बाईंची कंबर धरली. त्यांना मणक्याचे जुने दुखणे होते. त्यांनी सांगितले नाही, हिने विचारले नाही. सगळी फी आणि औषधाचा खर्च द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाते, असा बाईंचा निरोप आला. रात्री भाची रडतच घरी आली. "मामा, मला पोलीस नेतील का हो?"

"तुमच्यात लेखी काय ठरले होते?" मी विचारले.

"काहीच नाही. तुम्हीच म्हणाला होता, कागदाच्या भानगडीत पडू नको."

मला उत्तर सुचले नाही. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात येणाऱ्या एका वकील बंधूंकडे गेलो. त्यांनी सांगितले, फी घेऊन शिकवणे ही सेवा आहे. तिला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. त्या कायद्याने ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. म्हणजे पुण्याच्या तक्रारीसाठी हिला पुण्याला खेपा. शेवटी बाईंशी नीट बोलून उरलेल्या दिवसांची फी परत केली आणि वाद मिटला. पण त्या महिन्यात भावाची कॉलेजची फी थकली.

मग आम्ही एक पानाचा करार केला. शिकणाऱ्याचे वय, जुने आजार, ऑपरेशन, बाळंतपण हे आधी विचारायचे. दुखणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय सुरुवात नाही. दुखू लागले तर लगेच थांबून कळवायचे. फी किती, मध्येच सोडल्यास परत किती, हे स्पष्ट लिहायचे. अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून तो पालकांशी करायचा. शिकणाऱ्याचे फोटो आणि आजाराची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवायची नाही. मोबाईलवरून दिलेली संमतीही चालते. करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० त्याला रद्द ठरवीत नाही. मात्र ती संमती जपून ठेवावी.

वकील बंधूंनी आणखी एक बजावले. "काहीही झाले तरी मी जबाबदार नाही" असे लिहून आपला निष्काळजीपणा झाकला जात नाही. करार अगदीच एकतर्फी असेल तर राज्य ग्राहक आयोग तो रद्द करू शकतो. "दहा दिवसांत दहा किलो कमी" अशी फसवी जाहिरातही अंगाशी येते. आपण पंचशील घेतो. त्यातले चौथे शील हेच सांगते. तथागतांनी सम्यक आजीविका सांगितली, ती याहून वेगळी काय?

बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. कॉमर्स शिकलेल्या मला हे ठाऊक होते, तरी भाचीला मी सावकाराच्या काळातलाच सल्ला दिला! आजोबांना बुडवले ते कागदाने नव्हे, तो दुसऱ्याने लिहिला आणि यांना वाचता आला नाही म्हणून. आज आमच्या मुली स्वतः लिहितात, समोरच्याला वाचून दाखवतात, मगच फी घेतात.

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातला मुलगा वा मुलगी मोबाईलवरून व्यायाम, योगासने किंवा शिकवणी घेत असेल, तर आजच विचारा, लेखी काय आहे? नसेल तर रविवारच्या वंदनेनंतर विहारात या. बसून लिहू.

जय भीम.