हिशेब न येणं आपल्याला परवडणारं नाही



आपल्या तरुणांना भाषण येतं, घोषणा येतात, संविधानाची कलमं तोंडपाठ असतात. हिशेब मात्र येत नाही. कुणाला हिणवायला हे लिहीत नाही, मीही त्यातलाच.

समाजशास्त्रात एम.ए. करण्याआधी मी बी.कॉम. केलं. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली रोजकीर्द, खतावणी, तेरीज कॉलेजात एकदम इंग्रजीतून समोर आली आणि एस.वाय.ला अकाउंट्समध्ये माझी केटी लागली. भागीदारीचा धडा चालू असताना सरांनी विचारलं, "कुणाच्या घरी दुकान आहे?" निम्म्या वर्गाचे हात वर गेले. मागच्या बाकावरचे आम्ही खाली बघत बसलो. "मग तुम्हाला हे जड जाणारच," सर सहज म्हणाले. मी ते खरं मानलं. घोकून पास झालो आणि पुस्तक रद्दीत घातलं.

काही वर्षांनी आमच्या वस्तीतल्या जयंतीनंतर भांडण पेटलं. वर्गणी जमली होती 86,400 रुपये. खर्च 74,150. वहीत शिल्लक 12,250. त्यातच मंडपवाला 15,000 आणि साउंडवाला 6,500 मागायला आला. लोक म्हणाले, पैसे शिल्लक होते तर यांचे का दिले नाहीत? खजिनदार काकांनी खाल्ले! एस.टी.तून निवृत्त झालेला तो माणूस. त्याने वही समाजमंदिराच्या ओट्यावर टाकली आणि घरी निघून गेला.

मी भाच्याचं पुस्तक मागून आणलं आणि रात्रभर बसलो. काकांनी एक पैसाही खाल्ला नव्हता. त्यांनी फक्त हातात आलेला आणि हातातून गेलेला पैसा लिहिला होता. देणं राहिलेले 21,500 वहीत नव्हते, कबूल केलेली पण न आलेली 4,000 वर्गणीही नव्हती. ते धरल्यावर 12,250 शिल्लक नव्हे, 5,250 रुपयांची तूट निघाली. शिवाय 9,000 च्या खुर्च्या एकाच जयंतीच्या खर्चात टाकलेल्या. त्या पुढची पाच वर्षं वापरणार, म्हणजे ती मंडळाची मालमत्ता. दरवर्षी घसारा तेवढा खर्चात धरायचा.

हे सगळं एस.वाय.च्या पुस्तकात होतं. तेव्हा समजून घेतलं असतं, तर एक प्रामाणिक माणूस चोर ठरला नसता. बैठकीत मी ताळेबंद वाचून दाखवला. लोक गप्प झाले. पण काका पुन्हा खजिनदार झाले नाहीत, आणि पुढच्या वर्षी वस्तीत दोन मिरवणुका निघाल्या.

त्याच पुस्तकात 'ख्याती' नावाचा धडा आहे. नवा भागीदार जुन्या पेढीत येताना भांडवलासोबत ख्यातीचा वाटाही आणतो, कारण पेढीच्या नावालाही किंमत असते. एम.ए.ला 'सामाजिक भांडवल' शिकलो तेव्हा तो वर्ग आठवला. ज्यांचे हात वर गेले होते त्यांच्याकडे अक्कल जास्त नव्हती. घरात पिढ्यान्‌पिढ्या वही होती. आपल्या आज्या-पणज्यांचा वहीशी संबंध सावकाराच्या वहीत अंगठा देण्यापुरताच. पण पुस्तक आणखी एक नियम सांगतं : स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात दाखवत नाहीत. आपल्या मंडळांची ख्याती तशीच आहे. कागदावर दिसत नाही, पण ती गेली की दुसऱ्या वर्षी वर्गणी येत नाही.

आणि हा विषय 'आपला नाही' असं कोण म्हणतं? बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 चा. 1925 ते 1928 या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. आपण त्यांच्या हातातलं संविधान पाहिलं, जमाखर्चाची समज विसरलो.

अनुसूचित जातींच्या नावाने अर्थसंकल्पात तरतूद झाली की आपण एकतर टाळ्या वाजवतो किंवा मोर्चा काढतो. तरतूद म्हणजे खर्च नव्हे, आणि झालेला खर्च म्हणजे वस्तीत पोचलेला लाभ नव्हे, हे तीन आकडे शेजारी मांडून किती जण विचारतात? ज्याला स्वतःच्या मंडळाची देणी मांडता येत नाहीत, तो शासनाची देणी कशी मागणार?

म्हणून कॉमर्सच्या मुलामुलींनो, केटी लागली तर विषय सोडू नका, समजून घ्या. दर पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं हिशेब वाचा : आलेलं, गेलेलं, येणं, देणं. आणि खजिनदारावर बोट दाखवण्याआधी त्याची वही वाचायला शिका.

जय भीम!