दुधनीच्या पाण्यावर

दुधनी म्हटलं की आपल्या लोकांना अक्कलकोटजवळची आठवते. ही ती नव्हे. ही दादरा-नगर हवेलीतली, सिल्वासाहून खानवेलमार्गे साधारण ४० किलोमीटर. रस्त्याला साग, मधेमधे वारली पाडे, आणि एका वळणावर अचानक मधुबन धरणाचं पाणी. दमणगंगा अडवून झालेला हा जलाशय. पावसाळा संपता संपता जावं, डोंगर हिरवे असतात.

मी गेलो ते आमच्या प्रोजेक्टवरच्या अमेरिकन मित्राला घेऊन. तो युटाचा, मॉर्मन. खानवेलच्या टपरीवरच पहिली अडचण आली. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. १८३३ सालच्या एका उपदेशातून आलेला नियम. टपरीवाल्या मावशींना वाटलं, साहेबांचं पोट बिघडलंय. त्यांनी लगेच लिंबू पिळलं.

आमचं घर नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. आम्हाला बायबल पुरतं. त्यांच्याकडे १८३० साली छापलेलं 'बुक ऑफ मॉर्मन'ही धर्मग्रंथ. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, असं आम्ही मानतो. त्यांच्या मते ते तिघे वेगवेगळे. मित्राशी एकदा यावर बोलायचंच होतं. वाद नको, नुसते प्रश्न विचारायचे, म्हणून पाच प्रश्न मोबाईलमध्ये लिहून नेले होते. कोडमधला बग शोधावा तसे, खरं सांगायचं तर.

लाइफ जॅकेट चढवून होडीत बसलो आणि मी सुरुवात केली. "बायबलमध्ये काय कमी पडलं, म्हणून दुसरं पुस्तक लागलं?"

"कमी नाही पडलं. हा दुसरा साक्षीदार," तो म्हणाला. मग सहज विचारलं, "तू वाचलंयस ते?"

एक पानही नाही. प्रश्न सगळे इंटरनेटवरून घेतलेले. आम्ही इतका वेळ गप्प बसलो की नावाडी मागे वळून बघायला लागला.

मग मी त्याला रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगितली. १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला. टिळकांनी तो वाचला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हाच ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं आहे.

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "माझी बहीण आमच्या चर्चमधून बाहेर पडली. आई प्रत्येक फोनवर तिला समजावते."

"आणि तू? तू तिला काय विचारतोस?"

"अजून काहीच नाही."

उरलेले चार प्रश्न मोबाईलमध्येच राहिले. परत गेल्यावर त्याने पुस्तक पाठवलं. मी दीडशेव्या पानापर्यंत आलोय. माझं मत बदललेलं नाही. त्याने 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद मिळवलाय आणि लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याओवळ्याबद्दल मलाच प्रश्न विचारतो.

बहिणीशी बोलला का, हे विचारायचं मात्र राहिलंय.