चार खुरांखालची फळी

घोडा बसून प्रवास करत नाही. माणूस पट्टा बांधून डुलक्या घेतो, कुत्रा मागच्या सीटवर वेटोळं करून झोपतो; घोडा निघाल्यापासून पोचेपर्यंत चारी पायांवर उभा असतो. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढे लोटला जातो, वळण आलं की बाजूला, आणि दर वेळी तो पाय फाकवून, मान लांबवून स्वतःला सावरून धरतो. आधीच त्याच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग पुढच्या दोन पायांवर असतो. पाचशे किलोचं जनावर, चार खुरं, आणि खाली ताशी शंभर किलोमीटरनं मागे पळणारा रस्ता. मध्ये फक्त फळी. घोड्यांचा ट्रेलर पाहणाऱ्याला रंग दिसतो, खिडक्या दिसतात, चकचकीत ॲल्युमिनियम दिसतं. फळी दिसत नाही, कारण तिच्यावर रबराची जाड मॅट असते आणि मॅटवर लाकडाचा भुसा.

आम्ही ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. लेकीची घोडी आहे, तांबूस क्वार्टर हॉर्स. तिचं नाव तापी, कारण मी तापीकाठच्या शहादा तालुक्यातली. तापी तबेल्यात सुखात होती, रोज कुरणात सोडली जायची, मग ट्रेलर कशाला हवा, असं सासूबाईंनी फोनवर विचारलं. त्याचं उत्तर घोड्याच्या पोटात आहे. घोड्याला ओकता येत नाही. आतडं फुगलं, अडलं किंवा पिळलं तर ते आतल्या आतच भोगावं लागतं, आणि पीळ बसलेल्या आतड्याला शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो. अशा वेळी हाताशी काही तासच असतात. ओहायो स्टेट विद्यापीठाचं जनावरांचं मोठं रुग्णालय कोलंबसमध्येच आहे, पण रात्री दोन वाजता घोडीला तिथे नेणार कशात? शेजारच्या तबेल्यातला एक घोडा गाडीची वाट पाहत गेला. त्या रात्री त्याच्या मालकिणीला मी अंगणात उभी राहून फोनवर फोन करताना पाहिलं आहे. ट्रेलर घ्यायचाच, हे त्या अंगणात ठरलं.

नवा दोन घोड्यांचा ट्रेलर आमच्या ऐपतीबाहेरचा होता. जुना शोधायचा, तर आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, खारं पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि लोखंड खालून कुरतडलं जातं. वरून चकचकीत दिसणाऱ्या ट्रेलरच्या खाली हात घातला की बोटांवर गंजाचे पापुद्रे येतात. म्हणून उत्तरेकडचे लोक कोरड्या हवेतला ट्रेलर शोधतात: ओक्लाहोमा, टेक्ससचा वरचा भाग, न्यू मेक्सिको. तिकडे लोखंड टिकतं. उन्हानं टायर मात्र मरतात, पण टायर बदलता येतात. आम्हाला पसंत पडलेला ट्रेलर पश्चिम ओक्लाहोमात होता, आमच्या दारापासून हजार मैलांच्या आसपास.

हजार मैलांवरून वस्तू घ्यायची म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं. माझ्या माहेरी असं कोणी केलं नसतं. सारंगखेड्याला तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दत्तजयंतीला सुरू होणारा तिथला घोडेबाजार लांबलांबून लोक बघायला येतात. आमचे आबा तिथे घोडा पाहायचे तो आधी न बोलता. भोवती फिरायचे, मग पुढचा पाय उचलून खूर दाबायचे, ओठ वर करून दात पाहायचे, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का ते बोटानं चाचपायचे. भाव ठरायचा तो रुमालाखाली, बोटाला बोट लावून. सगळा व्यवहार हाताचा होता. घोडा खोटं बोलत नाही, घोडेवाला बोलू शकतो, असं आबा म्हणायचे, आणि म्हणून ते घोड्यालाच विचारायचे. ट्रेलरलाही विचारता येतं. पण त्यासाठी तिथे असावं लागतं, आणि मी नव्हते.

दूरच्या खरेदीत फसवणारे किती आणि कसे असतात, हे शोधायला लागल्यावर कळलं. किंमत बाजारापेक्षा निम्मी. मालक म्हणे सैन्यात, परदेशी. ट्रेलर म्हणे गोदामात पॅक करून ठेवलेला, पैसे पाठवा की घरपोच येईल. फोटो सुरेख, पण दुसऱ्या कोणाच्या तरी जाहिरातीतून उचललेले. त्यांच्याकडे गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन क्रमांक मागितला की गोष्ट बदलते, आणि आत्ता व्हिडिओ कॉल करून मागचं दार उघडून दाखवा म्हटलं की संपतेच. मला या लोकांचा नुसता राग येत नाही, चीड येते. आजारी घोड्यासाठी घाईत असलेला माणूस त्यांना बरोबर ओळखता येतो.

ओक्लाहोमातला ट्रेलर विकणाऱ्या बाईंनी पहिल्याच फोनवर आपण होऊन दोष सांगायला सुरुवात केली. छताच्या झरोक्यातून मोठ्या पावसात गळतं. मागच्या उजव्या दाराचा खटका उचलून धरल्याशिवाय लागत नाही. टायरची नक्षी नवी दिसेल, तिच्यावर जाऊ नका, ते वयानं गेलेत. मग म्हणाल्या, दोन वर्षं तो नुसता उभा आहे, माझे गुडघे गेले तेव्हापासून. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटलं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या आपल्या कोड्याचं एकच उत्तर आहे, न फिरवल्यामुळे, आणि ट्रेलरलाही तेच लागू पडतं. चालता ट्रेलर झिजतो, पण उभा ट्रेलर गुपचूप बिघडतो. चाकांच्या बेअरिंगमध्ये ओल धरते, ग्रीस घट्ट होतं, ब्रेकच्या चुंबकांवर गंज चढतो, उंदीर दिव्यांच्या वायरी खातात, गांधीलमाश्या कोपऱ्यात पोळं बांधतात. टायर उन्हात तडकतात. त्यांच्या बाजूवरच्या क्रमांकात शेवटचे चार आकडे टायर बनल्याच्या तारखेचे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडच्या टायरवर जनावर घालू नये, नक्षी कितीही खोल असो. आबा दात मोजायचे, मी ते आकडे मागितले.

मग मी फळीबद्दल विचारलं. मॅट उचलून दाखवाल का?

हे मागणं लहान नाही. घोड्याच्या ट्रेलरमधली मॅट पाऊण इंच जाडीची असते आणि एका मॅटचं वजन पन्नास किलोच्या घरात जातं. मूत मुरलेलं असतं, वास येतो, पकडायला धड कड नसते. पुष्कळ विक्रेते इथेच म्हणतात, खाली सगळं उत्तम आहे. या म्हणाल्या, नातू शनिवारी येतो, त्याला सांगते. शनिवारी फोनच्या पडद्यावर तो पोरगा दिसला, मॅट गुंडाळत, घाम पुसत, आणि त्याच्या पायाशी फळ्या उघड्या पडत गेल्या. ओकच्या, दोन इंच जाड, पुढे करड्या, मागे घोड्यांच्या मागच्या पायांखाली काळपट. काळपट भागाकडेच मी बोट दाखवलं. लाकूड तिथेच सडतं, जिथे मूत साचतं आणि जिथे फळी खालच्या लोखंडी आडव्यावर टेकते. ॲल्युमिनियमची जमीन असती तर पांढरी भुकटी आणि खड्डे शोधले असते, कारण मुताचा अमोनिया तिलाही सोडत नाही. लाकडाला मात्र टोचून पाहावं लागतं.

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि प्रत्येक फळीत जोर लावून टोचत गेल्या. टक्, टक्, टक्. सडलेल्या लाकडात पातं आवाज न करता आत जातं. मी ओहायोत स्वयंपाकघरात कुकर बंद करून तो आवाज ऐकत होते. मग नातू पाठीवर झोपून ट्रेलरच्या खाली सरकला. फोनच्या उजेडात आडवे दिसले, वेल्डिंगचे सांधे दिसले, धुळीत माखलेली ब्रेकची वायर दिसली. एका फळीचं टोक मऊ निघालं. त्यानंच ते दाखवलं, मी विचारायच्या आधी. ही बदलावी लागेल, आणि मी बदलून ठेवतो, म्हणाला. किमतीची घासाघीस मी तिथेच सोडून दिली. आपला तोटा होईल असं स्वतःहून दाखवणाऱ्या माणसाकडे मागायचं ते सगळं मला मिळालं होतं.

त्या काळात एलिस नावाच्या घोड्याची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवायची. इंग्लंडात पूर्वी शर्यतीचे घोडे शर्यतीच्या गावी चालत जात, आठवडा-दोन आठवडे आधी निघून. १८३६ साली डॉनकास्टरची सेंट लेजर शर्यत तोंडावर आली तरी लॉर्ड जॉर्ज बेंटिंकचा एलिस दूर दक्षिणेत गुडवुडलाच उभा होता. सट्टेवाल्यांनी धरलं, हा काही पोचत नाही, आणि भाव चढवला. बेंटिंकनं एक गाडी बांधून घेतली होती, आत गादीचं अस्तर लावून. घोड्यांनी ओढलेल्या त्या गाडीत उभा राहून एलिस डॉनकास्टरला गेला, ताजा उतरला आणि शर्यत जिंकला. इतिहासकार ती बेंटिंकची चाल म्हणून सांगतात. मला मात्र ती गाडी बांधणाऱ्या सुताराबद्दल कुतूहल आहे. त्यानं जमिनीला कुठलं लाकूड घातलं असेल? धावणाऱ्या घोड्याचा पाय मोडू नये म्हणून त्यानं किती वेळा स्वतः त्या गाडीत उभं राहून पाहिलं असेल?

ट्रेलर आणायला आम्ही ओक्लाहोमाला गेलो, तेव्हा कागदपत्रांचं काम सरळ झालं. टायटलवरचं, म्हणजे मालकीच्या कागदावरचं, नाव आणि बाईंच्या लायसन्सवरचं नाव एकच, वर कोणाचं कर्ज नाही. काही राज्यांत लहान ट्रेलरला टायटल देतच नाहीत. तिथे विक्रीचा सह्या केलेला कागदच काय तो पुरावा, म्हणून चेसिसवर कोरलेला व्हीआयएन त्या कागदावर जसाच्या तसा लिहून घ्यावा. पैसे आम्ही त्यांच्या गावातल्या बँकेत, काउंटरसमोर उभे राहून दिले.

प्रत्यक्षात तो ट्रेलर फोटोपेक्षा म्हातारा दिसला आणि मला जास्त आवडला. आत अनेक घोड्यांच्या छातीनं झिजून गुळगुळीत झालेली आडवी दांडी होती, भिंतीवर खुरांच्या लाथांचे चंद्रकोरी पोचे होते. बाईंनी काठी टेकत जोडणी शिकवली. बॉल दोन इंचाचा आहे की दोन पूर्णांक पाच सोळांश इंचाचा, हे कपलरवर कोरलेलं वाचून पाहा. डोळ्याला ते सारखेच वाटतात आणि लहान बॉलवरून मोठा कपलर उडतो. साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून घ्या, म्हणजे जोड सुटला तरी दांडा रस्त्यावर न पडता साखळ्यांत झेलला जाईल. ब्रेकअवेची तार ट्रकला वेगळी अडकवा, साखळीला नाही. ट्रेलर सुटला तर ती ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. त्या वेळी ब्रेकना वीज देणारी ट्रेलरवरची बॅटरी दर वेळी तपासा. हे सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, आतल्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या. तिथे त्यांच्या नजरेसमोर कोणता घोडा होता, हे मी विचारलं नाही.

चारही टायर आम्ही त्याच गावात बदलले, बेअरिंगला नवं ग्रीस भरून घेतलं आणि सेंट लुइसवरून घरी आलो. रिकामा ट्रेलर रस्ताभर खडखडत होता. नवऱ्याला तो आवाज नकोसा झाला. मला वाटत होतं, रिकामा असतानाच त्याला काय बोलायचं ते बोलून घेऊ दे.

तापीला चढवायला आम्ही घाई केली नाही. ट्रेलर तबेल्यासमोर दार उघडून ठेवला, आत गवत ठेवलं. तिनं आधी फळीवर एक खूर ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा ठेवला, या वेळी जोरात, दोनदा आपटून. बाईंनी स्क्रू ड्रायव्हरनं केलं तेच ती खुरानं करत होती. मग आत गेली.

एकटा घोडा असेल तर अमेरिकेत त्याला ट्रेलरच्या डाव्या कप्प्यात उभं करतात, कारण तिथे वाहनं उजवीकडून चालतात आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता उजव्या कडेला उतरता असतो. जड बाजू वर राहिली पाहिजे. आपल्याकडे हे उलटं. अमेरिकेत राज्याची हद्द ओलांडायची तर कॉगिन्स चाचणीचा कागद जवळ लागतो. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठी लिरॉय कॉगिन्स यांनी १९७०च्या सुमारास शोधलेली ही रक्तचाचणी आज अमेरिकेतल्या प्रत्येक घोडेवाल्याला पाठ असते. भारतातही जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम आहेत, घोड्यांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे आणि पशुवैद्याचा दाखला सक्तीचा आहे.

म्हणून सारंगखेड्याच्या, माळेगावच्या यात्रेतून घोडा घेऊन निघणाऱ्या आणि त्याला टेम्पोत चढवणाऱ्या माझ्या माणसांना एक विनंती करते. सौदा झाला की टेम्पोवाल्याला ताडपत्री उचलायला लावा आणि खालची जमीन स्वतः टोचून पाहा. पाय घसरणार नाहीत एवढी वाळू किंवा भुसा घाला. तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा. आणि मान वर ताणून बांधू नका. घोडा छातीतली धूळ आणि कफ मान खाली घालूनच बाहेर टाकतो. तासन्‌तास मान वर राहिली की तोच कफ फुप्फुसात उतरतो आणि घरी पोचल्यावर दोन दिवसांनी ताप येतो. दोर एवढा सैल ठेवा की त्याचं नाक छातीच्या खाली पोचेल.