केलेल्या कामाचा अर्ज

नोकरीचा अर्ज म्हणजे विनवणीचा कागद, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की अर्जदार आरंभीच आपण कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असल्याची ग्वाही देतो, घरच्या ओढग्रस्तीचा उल्लेख करतो, आणि ज्या कामासाठी जाहिरात निघाली त्याविषयी मात्र चकार शब्द काढीत नाही. आस्थापना शाखेत अर्जांची छाननी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर गावातील मुलामुलींचे अर्ज वाचून देण्याचे काम मी आवडीने पत्करले आहे. म्हणून आग्रहाने सांगतो की छाननीस बसलेल्या माणसासमोर जाहिरातीची प्रत असते आणि तीतील एकेका अटीपुढे त्याला खूण करावयाची असते. लिपिक-टंकलेखकाच्या पदास मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची गती मागितली असेल, तर तो प्रथम प्रमाणपत्राची तारीख पाहतो. अंतिम दिनांकास अर्हता हाती नसेल, तर पुढील मजकूर कितीही सुरेख असला तरी व्यर्थ.

साखर कारखान्यातील लेखा लिपिकाच्या जागेसाठी एका मुलीने मध्यंतरी अर्ज आणला, त्यात 'पतसंस्थेत हिशेबाच्या कामाचा अनुभव' एवढीच ओळ होती. मी विचारीत गेलो, तशी ती सांगत गेली: रोजकीर्द तीच लिहिते, खतावणी तिच्याच हातची, पिग्मी एजंटांचा भरणा धरून रोख शिल्लक कीर्दीशी जुळल्यावाचून तिजोरीला कुलूप लागत नाही, मार्चअखेरची तेरीज तीच काढते, आणि लेखापरीक्षक आले की दप्तर तिच्याकडूनच मागवितात. एवढे सारे तिला अर्जात घालण्याजोगे वाटले नव्हते! आम्ही ते एकेक करून लिहिले. मात्र 'ताळेबंद तयार केला' हे तिचे वाक्य मी काढावयास लावले, कारण ताळेबंद लेखापाल करीत, तिचे काम तेरजेपाशी संपे, आणि मुलाखतीतील पहिल्याच उपप्रश्नाला ते वाक्य टिकले नसते.

पतसंस्थेपूर्वीचे एक वर्ष ती गाळू पाहत होती. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी तिने आधीची नोकरी सोडली होती. तारखांचा सांधा निखळलेला अर्ज पाहून छाननी करणारा नाही नाही ते तर्क करतो, आणि ते तर्क त्या मुलीच्या वाट्याला येऊ नयेत, असे मला मनापासून वाटत होते. तेव्हा त्या वर्षाची एक सरळ ओळ, तारखांसह, घातली. मग उरले ते प्रमाणपत्रांच्या प्रती जाहिरातीतील अटींच्या क्रमाने लावणे, आणि ते तिने माझ्या मदतीवाचून केले.