डोंगरापलीकडचा नेम

भिलाईच्या नेहरू नगरात, कारखान्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या एका मराठी घरात नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला. त्यात 'गोरिलाज' होता, १९९१ साली एमएस-डॉस ५ सोबत आलेला खेळ. दोन गोरिला इमारतींच्या गच्चीवर उभे राहून एकमेकांवर फुटणारी केळी फेकतात. माउसने नेम धरायची सोय नाही. कोन आणि वेग असे दोन आकडे टाइप करायचे, एंटर दाबायचं आणि केळं कुठे पडतं ते पाहायचं.

घरातला मुलगा आधी ४५ अंशच टाकायचा. सपाटीवर सर्वांत लांबचा पल्ला त्याच कोनाने मिळतो. इटलीच्या तार्ताल्याने हे १५३७ सालीच लिहून ठेवलं होतं. पण मध्ये उंच इमारत आली की ४५ अंशांचं केळं तिच्यावरच फुटे. मग ६०, ७०, ७५. केळं पडद्याच्या वर जाऊन दिसेनासं होई आणि थोड्या वेळाने थेट शत्रूच्या डोक्यावर उतरे. त्या अदृश्य क्षणांची त्याला गोडी लागली, आणि ती पुढे सुटली नाही.

गोरिलाजचा प्रोग्राम बेसिक भाषेत होता आणि उघडून वाचता येत असे. गुरुत्वाकर्षण ९.८ ठेवायचं की बदलायचं, हे खेळ सुरुवातीलाच विचारायचा. वाऱ्याचं सूत्रही आत उघडंच होतं: केळं जितका वेळ हवेत, त्या वेळेच्या वर्गाच्या पटीत वारा त्याला ढकलणार. अकरावीत प्रक्षेपणाचा धडा आला तेव्हा त्याला त्यातलं निम्मं ओळखीचं वाटलं. प्रवेश परीक्षांच्या तयारीत बुडालेल्या भिलाईत त्या धड्याची गणितं सगळेच सोडवत. त्याला मात्र प्रत्येक गणितात इमारत दिसे. सारख्याच वेगाने ३० अंशांनी मारा किंवा ६० अंशांनी, सपाटीवर पल्ला एकच. पण ६० चा गोळा तिप्पट उंच जातो, आणि या खेळातला वारा त्याला तिप्पट सरकवतो. आडोशामागचं लक्ष्य गाठायचं, तर वाऱ्याशी एवढा हिशेब करावाच लागतो.

पुढे हॉस्टेलवर 'पॉकेट टँक्स' आला. २००१ सालच्या या खेळात दोन रणगाडे, मध्ये डोंगर. इथे त्याची रीत पक्की झाली: ताकद कायम ठेवायची, फक्त कोन हलवायचा. पहिला गोळा पुढे पडला, दुसरा अलीकडे, तर तिसरा त्यांच्या मधल्या कोनावर. तोफखान्यात नेम असाच आवळत आणतात. दोन्ही आकडे एकदम बदलणाऱ्याला आपला गोळा कशाने हुकला हेच कळत नाही. उंच माऱ्यात हात जपून चालवावा लागतो, कारण ४५ च्या आसपास एक अंश इकडेतिकडे झाला तर पल्ला जवळपास तोच राहतो. ७५ वर तोच एक अंश वाढला तर गोळा कमाल पल्ल्याच्या सुमारे तीन टक्के अलीकडे पडतो.

किल्ल्यांच्या लढाईत याच उंच माऱ्याला मोल होतं. तट फोडणारी तोफ सरळ मारते, तटापलीकडे गोळा टाकायचा तर उखळी तोफच हवी. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला गेले होते. शाळेत ऐकलेल्या त्या वेढ्याचा नकाशा तो आता उंचीच्या रेषांसह वाचतो. गडावरचं लक्ष्य तोफेपेक्षा उंच, त्यामुळे ३० आणि ६० ची ती जोडी तिथे मोडते आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

नेहरू नगरातल्या त्याच घरात आता त्याची मुलगी 'वर्म्स' खेळते. या खेळाचा पहिला अवतार १९९५ चा. त्यात बाझुकाचा गोळा वाऱ्याने वळतो, हातबॉम्ब वळत नाही. वारा तोंडावर असला की ती हातबॉम्ब निवडते; पाठीमागून असला की बाझुका उभा धरते, आणि गोळा पडद्याबाहेर गेला की तिचे बाबा हातातलं काम थांबवतात.