एका छताखाली दोन सभागृहं

लेकीकडे चंडीगडला गेले, तेव्हा ल कॉर्बुझिएची विधानसभा मुद्दाम पाहिली. ओळखपत्र दाखवून गाईडबरोबरच जायचं. आत फोटोला मनाई. मग बाहेरूनच हौस भागवली. काँक्रीटच्या छतावर तिरक्या माथ्याचा उंच मनोरा, शेजारी पिरॅमिड. मनोऱ्याखाली पंजाबचं सभागृह, पिरॅमिडखाली हरियाणाचं! १९६६ साली राज्यं वेगळी झाली, छत मात्र एकच राहिलं. दोन्ही एका फोटोत यावीत म्हणून मी किती मागं सरकले असेन!

घरी सासूबाईंनी फोटो न्याहाळले. "ओळग हेंगैती?"

"आतले फोटो काढू देत नाहीत, आई."

"फोटोचं नाही गं. भांडत नाहीत का ते?"

गाईडला हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.